गाडी मिसिंग मारतेय, कोड दोन नंबर सिलिंडरचा. घरी कुठवर शोधता येईल?

सहावा_गिअर

मंडळी, दोन दारांची, दोन माणसांची, जुनी स्पोर्ट्स कार आहे. चार सिलिंडर, टर्बो नाही, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), साधं पोर्ट इंजेक्शन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा लगेच "तरी सांगत होतो ती घेऊ नका" याच वळणावर जाईल.

लक्षणं अशी. थंड असताना काही तक्रार नाही. आयडलिंग गरम असतानाही स्थिर. पण गरम गाडी पाचव्या गिअरमध्ये २,२०० ते २,८०० आरपीएमच्या दरम्यान चढावर असली आणि ॲक्सिलरेटर खोल दाबला, की झटके खाते. तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये विनातक्रार. चेक इंजिनचा दिवा आधी लुकलुकला, मग कायमचा पेटला. स्कॅनर लावला तर पी०३०२, म्हणजे दोन नंबर सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट जळत नाही.

हाताशी पाने, प्लगचा सॉकेट, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज आणि फोनला जोडायचा ओबीडी स्कॅनर आहे. ऑसिलोस्कोप नाही. सरसकट चार कॉइल आणि चार प्लग बदलून मोकळा होऊ, की आधी शोधू? शोधायचं तर कुठून सुरुवात करू?

बिनधास्त

चारही कॉइल, चारही प्लग. जुनी गाडी आहे, आज दोन नंबरची गेली, उद्या तीन नंबरची जाणार. विषय संपला.

तेलकट_हात

@बिनधास्त, विषय असा संपत असता तर मिसफायरचे धागे निघालेच नसते.

दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा, तोच चढ पुन्हा चढा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल. पी०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल. तोही हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग, व्हॉल्व्ह. जे जागचं हलवलं नाही त्यावर संशय. खर्च शून्य.

शंकेखोर

अदलाबदल करा, पण त्याआधी एक सांगतो, कारण मूळ धाग्यात ते सहज सांगून टाकलंय. दिवा पेटणं आणि दिवा लुकलुकणं यात फरक आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) खराब होईल इतक्या प्रमाणात मिसफायर होतोय. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते, म्हणजे ३,००० आरपीएमला मिनिटाला १,५००. त्यातली दहावी जरी चुकली तरी मिनिटाला दीडशे वेळा कच्चं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन एकत्रच कन्व्हर्टरमध्ये जातात आणि तिथे जळतात. आतली जाळी लाल होते आणि शेवटी वितळते. तेव्हा "पुन्हा तोच चढ" हा प्रयोग काही सेकंदांचा ठेवा. झटका जाणवला की पाय काढा.

सहावा_गिअर

@शंकेखोर, हे माहीत नव्हतं, आभार. आता एकदाच चढून बघतो. पण सिलिंडर दोनचाच आहे हे गाडीला कसं कळतं? ते खरं मानायचं का?

शंकेखोर

क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित वेग घेतो. एखादा स्फोट झाला नाही तर त्या तुकड्यात क्रँक मंदावतो, आणि त्या वेळी पाळी कोणाची होती हे इसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, माहीत असतं. सिलिंडरच्या आत डोकावून कोणी बघत नाही, वेगातल्या फरकावरून काढलेलं अनुमान आहे. म्हणून कधी फसतंही. हलका फ्लायव्हील बसवलेल्या गाड्यांमध्ये क्रँकचा वेग मुळातच जास्त वरखाली होतो आणि काहीही बिघाड नसताना पी०३०० (कुठल्याही एका सिलिंडरचा नसलेला मिसफायर) येऊ शकतो. फार खडबडीत रस्त्यावरही तसंच. तुमचा फ्लायव्हील कंपनीचाच आहे ना?

सहावा_गिअर

हो, मूळचाच.

हँडब्रेक

आमच्याकडे जुनी पद्धत होती. इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची टोपी उपटायची. जी काढल्यावर आवाज बदलत नाही ती चोर. दोन मिनिटांचं काम, स्कॅनर नको की काही नको.

गॅरेजकाकू

@हँडब्रेक, ती पद्धत डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यातली आणि तिथेच बरी होती. आताच्या कॉइलचं व्होल्टेज वीस-तीस हजार किंवा त्याहून जास्त असतं. टोपी उचलली की ठिणगीला जायला जागा राहत नाही. मग ती कॉइल आतून फोडते, इग्निशन ड्रायव्हर घालवते, नाहीतर तुमच्या हातातून जाते. शिवाय त्या सिलिंडरचं पेट्रोल चालूच राहतं, ते जाणार कन्व्हर्टरमध्ये. एकेक सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. पेट्रोल बंद, ठिणगी सुरक्षित.

पण सहावा_गिअर, तुमच्या बाबतीत याचा उपयोगच नाही. आयडलिंगला चारही सिलिंडर काम करतायत असं तुम्हीच लिहिलंय. दोष दिसतो तो दाबाखाली, आणि उभ्या गाडीला नुसती रेस देऊन तो दाब येत नाही.

हँडब्रेक

काकू, हातातून गेलीय एकदा ठिणगी. अजून जिवंत आहे. :)

गॅरेजकाकू

म्हणूनच सांगतेय.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. गाडी नाहीये माझ्याकडे, तरी वाचतोय.

पाणीपट्टी_अभियंता

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम टिपून ठेवा. कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान सगळं त्यात असतं, आणि पुसलं की गेलं. सोबत फ्युएल ट्रिमही लिहा (इसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते), आयडलिंगचे आणि चालत्या गाडीचे. आयडलिंगला ट्रिम बराच धन आणि आरपीएम वाढल्यावर शून्याकडे येत असेल तर कुठून तरी हवा चोरून आत जातेय. उलट, लोडखाली वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप किंवा फिल्टर. आणि दोन्हीकडे शून्याच्या आसपास असेल तर इंधनाचा नाद सोडा.

सहावा_गिअर

अपडेट. फ्रीझ फ्रेम: २,४५० आरपीएम, लोड ८८ टक्के, कूलंट ९३ अंश. लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला अधिक २, लोडखाली अधिक ४.

कॉइल २ आणि ३ बदलून बघितल्या. कोड पुन्हा पी०३०२. म्हणजे कॉइल निर्दोष?

तेलकट_हात

निर्दोष. आता प्लग २ आणि ४ बदला. तीनला हात लावू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

बिनधास्त

मी चार कॉइल म्हटलं होतं ते मागे घेतो. चार प्लग.

सहावा_गिअर

अपडेट. दोनचा प्लग चारवर, चारचा दोनवर लावला. इंजिन पूर्ण थंड असतानाच काढले. आता कोड आलेत पी०३०४ आणि सोबत पी०३०३!! पी०३०२ प्रलंबित यादीत दिसतोय.

एका सिलिंडरचा रोग होता, तीन सिलिंडरना लागला. मी नक्की काय केलं?

हँडब्रेक

साथ आलीय. विलगीकरणात ठेवा गाडी.

लाल_रेषा

आता हा एका सिलिंडरचा प्रश्नच नाही. अनेक सिलिंडर म्हणजे सामाईक कारण. टायमिंग चेन ताणली असेल, कॅम सेन्सर असेल, कन्व्हर्टर चोंदला असेल. किंवा पंप. प्रेशर गेज लावा.

पाणीपट्टी_अभियंता

@लाल_रेषा, पंप कमी पडत असता तर लोडखाली ट्रिम अधिक ४ वर थांबला नसता. कन्व्हर्टर चोंदला असेल तर वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं, खाली नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी नीट धावतेय, हे विसरू नका.

लाल_रेषा

ठीक, पण कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय मी तरी पुढे जाणार नाही.

सहावा_गिअर

कॉम्प्रेशन घेतलं. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सुटे, थ्रॉटल पूर्ण उघडा. पीएसआयमध्ये क्रमाने १८२, १७८, १८०, १७६.

शंकेखोर

एकदम निरोगी. सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर काळजी करायची असा ठोकताळा आहे, तुमचे तर चारही मांडीला मांडी लावून बसलेत. शेजारशेजारचे दोन एकत्र पडले असते तर मधलं हेड गॅस्केट म्हणालो असतो. व्हॉल्व्ह, रिंगा, गॅस्केट हे सगळं यादीतून काढून टाका.

मल्टिमीटरने कॉइल मोजायला जाल तर त्याचाही फार भरवसा धरू नका. ज्यांच्या आत इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं सर्किट) असतो त्या नीट मोजताच येत नाहीत. आणि थंड कॉइलचं रीडिंग चांगलं आलं म्हणून ती गरम झाल्यावर, दाबाखाली चांगली वागेल असं काही नाही.

भ्रमणमंडळ

अवांतर: रोटरी इंजिनवाल्यांनी (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर) यातलं काय करायचं? माझदाच्या आरएक्स-८ मध्ये दोन रोटर, प्रत्येकाला दोन प्लग, चार कॉइल. तिथे साधं कॉम्प्रेशन गेज चालत नाही. एका रोटरच्या तीन बाजू असतात आणि साधं गेज त्यातला सर्वात मोठा आकडा दाखवून गप्प बसतं. तिन्ही वेगळ्या दिसायला खास यंत्र लागतं. आणि मिसफायर अंगावर काढला तर कन्व्हर्टरचं काय होतं ते वर शंकेखोर यांनी लिहिलंच आहे.

हँडब्रेक

रोटरीवाल्यांना प्रत्येक धाग्यात येऊन दुःख सांगायची सवलत आहे.

भ्रमणमंडळ

ती आम्ही १९९१ ला ल माँची २४ तासांची शर्यत जिंकून कमावलीय.

गॅरेजकाकू

रोटरीचं नंतर. सहावा_गिअर, इतके प्रतिसाद झाले, कोड आले, आकडे आले, पण प्लग दिसतोय कसा हे अजून कोणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही. टोक सोडून द्या. वरचा पांढरा सिरॅमिकचा भाग, जो कॉइलच्या खालच्या रबरी बुटाच्या आत असतो, तो उजेडात फिरवून बघा. त्यावर उभी, बारीक, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ आहे का? रबरी बूट कॉइलमधून ओढून काढा आणि आतून टॉर्च मारा. आणि प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल नळीत, तेल आहे का?

सहावा_गिअर

काकू, दंडवत.

मूळ दोन नंबरच्या, म्हणजे आता चारवर असलेल्या प्लगवर रेघ आहे. पुसली तरी जात नाही. मूळ दोनच्या कॉइलच्या बुटात त्याच उंचीवर काळा ओरखडा. आता तीन नंबरच्या प्लगवरही फिकट रेघ दिसतेय, ती सुरुवातीला होती का नव्हती, सांगता येणार नाही. दोनच्या विहिरीत तळाशी तेल आहे, बूट खालच्या बाजूने फुगून मऊ झालाय. चारही प्लगांवर धातूच्या कडेलगत तपकिरी कडंही आहे. गॅप (ठिणगीची फट) १.३ मिमी भरला, पुस्तकात १.१ दिलाय.

लाल_रेषा

तपकिरी कडं म्हणजे प्लगच्या सांध्यातून गॅस गळतोय. चारही प्लग ढिले होते.

गॅरेजकाकू

नाही. तो कोरोनाचा डाग. जास्त व्होल्टेजमुळे सिरॅमिकभोवतीचे तेलाचे बारीक कण तिथे चिकटतात. तो निरुपद्रवी असतो आणि बहुतेक चालत्या प्लगवर दिसतो. काळजी रेघेची करायची.

आता सगळं जुळतं, बघा. प्लगची फट उडून जायला किती व्होल्टेज लागेल हे फट किती रुंद आणि आत हवा किती दाबलेली, यावर ठरतं. पाचवा गिअर, कमी आरपीएम, ॲक्सिलरेटर खोल: सिलिंडर भरून हवा घेतो, दाब सर्वात जास्त. त्यात फट झिजून रुंद झालेली. आत उडी मारणं अवघड झालं की ठिणगी दुसरी वाट शोधते. तेलाने मऊ झालेल्या बुटाच्या आतून, सिरॅमिकच्या बाहेरच्या अंगाने सरळ प्लगच्या धातूच्या अंगावर उतरते, आणि जाताना कार्बनची रेघ जाळून ठेवते. पुढच्या वेळी वाट तयारच. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, दाब कमी, तेव्हा ती शहाण्यासारखी फटीतूनच जाते. तिसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला आरपीएम जास्त आणि ॲक्सिलरेटर कमी लागतो, म्हणून तिथेही तक्रार नाही.

आणि साथ कशी पसरली? रेघ पडलेला प्लग आणि रेघ पडलेला बूट ही जोडी आहे. तुम्ही आधी कॉइल बुटासकट तीनवर नेली, रेघेचा प्लग दोनवरच राहिला. म्हणून कोड दोनवरच आला आणि कॉइल निर्दोष ठरली. त्याच वेळी खराब बूट तीनच्या चांगल्या प्लगवर रेघ मारायला लागला आणि दोनचा प्लग नव्याने आलेल्या बुटाला बिघडवायला लागला. मग तो प्लग चारवर गेला. एकच बिघाड होता, तो तुम्ही दोन पाहुणे करून घरभर पाठवलात.

वाचनमात्र

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा कोणीतरी.

तेलकट_हात

काकूंचं निदान मान्य. पण अदलाबदलीवर खापर मान्य नाही. एका वेळी एक वस्तू हलवायची हा नियम बरोबरच आहे. कॉइल, इंजेक्टर, सेन्सर, कशालाही लावा. दोन वस्तू एकदम हलवल्या तर त्यातली कोणती खराब हे कसं कळणार?

गॅरेजकाकू

नियम बरोबर आहे, पण वस्तू एकमेकींना बिघडवत नाहीत असं त्यात गृहीत धरलंय. बूट आणि प्लग बिघडवतात. हलवायच्याच असतील तर जोडीने हलवा. कोणती खराब हे कळलं नाही तरी काय अडलं? दोन्ही बदलायच्याच आहेत. आणि हलवण्याआधी बघा, एवढंच माझं म्हणणं. प्लग हातात येतोच, तो फिरवून बघायला काय जातं?

तेलकट_हात

बघायला काही जात नाही, हे मान्य. पण अदलाबदल आधी, हे मी पुढच्या धाग्यातही लिहिणार.

बिनधास्त

म्हणजे फिरून माझ्या पहिल्याच प्रतिसादावर आलो. चार कॉइल, चार प्लग. :)

शंकेखोर

@बिनधास्त, तुमच्या पद्धतीने नव्या कॉइल त्याच तेलात बुडल्या असत्या आणि काही महिन्यांनी हाच धागा नव्या नावाने आला असता. इथे कॉइल बदलायची बहुधा गरजच नाही. बऱ्याच कॉइलचे बूट सुटे मिळतात. बदलायचं ते व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांची सीलं, तेल तिथूनच विहिरीत उतरतं.

पाणीपट्टी_अभियंता

प्लग काढण्याआधी विहिरीतलं तेल फडक्याने किंवा सिरिंजने काढा, मग हवेचा फवारा. नाहीतर सगळी घाण सिलिंडरमध्ये पडेल.

नवे प्लग घेताना हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो ते सांगणारा आकडा) पुस्तकातलीच घ्या आणि एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडू नका. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलट. "स्पोर्ट्स कार आहे, मोठा आकडा बरा" असा विचार करणारे भेटलेत मला.

हँडब्रेक

आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावा. ॲल्युमिनियमचं हेड आहे, पुढच्या वेळी आट्यांसकट प्लग बाहेर येईल.

पाणीपट्टी_अभियंता

प्लेटिंग असलेल्या प्लगांना लावू नका, असं एनजीके स्वतःच सांगतं. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो. कोरडे बसवा, हाताने सुरुवात करा, टॉर्क रेंच लावा. इरिडियमचे असतील तर गॅप करायला नाण्यासारखं गेज आत घुसवू नका, टोक तुटतं. बुटाच्या आतल्या कडेला मात्र डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या.

सहावा_गिअर

काम झालं. चार प्लग, चार बूट, कव्हरचं गॅस्केट, नळ्यांची सीलं. कॉइल जुन्याच. जुनी सीलं बोटाने दाबली तर मोडली, इतकी कडक झाली होती.

पाचव्या गिअरमध्ये तोच चढ, २,२०० पासून ॲक्सिलरेटर खाली. काही नाही. स्कॅनरच्या मोड ०६ मध्ये (इसीयूच्या चाचण्यांच्या नोंदी) चारही सिलिंडरचे मिसफायरचे आकडे शून्य.

लाल_रेषा

अभिनंदन. कन्व्हर्टर वाचला का?

सहावा_गिअर

ते कसं बघायचं?

शंकेखोर

गरम गाडी, स्थिर वेग, स्कॅनरवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख. पुढचा वरखाली नाचत असताना मागचा बऱ्यापैकी सपाट असेल तर कन्व्हर्टर काम करतोय. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचायला लागला तर पी०४२० (कन्व्हर्टर कमजोर झाल्याचा कोड) येईल थोड्या दिवसांत.

सहावा_गिअर

मागचा ०.७ व्होल्टच्या आसपास सपाट आहे.

गॅरेजकाकू

मग वाचला. कव्हरचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत कसले होते ना? एका कडेने कसत गेलं की गॅस्केट दुसरीकडे उचललं जातं. थोडे दिवस गेले की एकदा कॉइल उचलून विहिरी कोरड्या आहेत का बघा.

सहावा_गिअर

मधून बाहेरच, काकू. पुस्तकातल्या टॉर्कलाच.

भ्रमणमंडळ

आता रोटरीचं बोलूया का?